हलका हात

माझा हात हलका आहे असं सगळे म्हणायचे. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे मी कामाला होते. नर्सिंगचं शिक्षण काही नव्हतं. बारावी झाले, घरी बसायचं नव्हतं म्हणून केसपेपर काढायला लागले आणि डॉक्टरांनी हळूहळू ड्रेसिंग, इंजेक्शन सगळं शिकवलं. कापडाच्या लूमवरचे कामगार यायचे. खोकला, ताप, मशीनमध्ये सापडलेलं बोट. मोठाले पुरुष, पण सुई बघितली की डोळे मिटून घ्यायचे. "दीदी, धीरे से," म्हणायचे. सुई निघाली तरी डोळे मिटलेलेच. "हो गया," म्हटलं की ओशाळं हसायचे.

लग्न होऊन मी राहनाळजवळच्या एका गावात आले, दवाखान्यातलं काम मात्र चालू ठेवलं. सासरची जमीन रस्त्याला लागून होती आणि तिथे तेव्हा नुकती गोदामं उभी राहायला लागली होती. भातशेती गेली, भाडं येऊ लागलं. सासरे आधीच वारलेले. घरात सासूबाई, नवरा आणि मी. नवऱ्याला नोकरीची गरज नव्हती आणि त्याला ती करायचीही नव्हती. तो कबड्डी खेळायचा. समोर मी त्याला अहो-जाहोच करते. लिहिताना मात्र 'ते' म्हटलं की हात आखडतो, म्हणून इथे 'तो' लिहिते.

तो गावच्या संघाचा चढाईपटू. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी त्याला खेळताना पाहिलं, बायकांमध्ये उभी राहून. तेव्हा तो बारीक होता. समोर सात जण त्याला धरायला टपलेले आणि हा त्यांच्यात असा फिरायचा, जणू अंगणातल्या कोंबड्या हुसकावतोय. मग एकदम पाय लांबवायचा, कुणाच्या तरी गुडघ्याला चवडा लागलेला असायचा आणि हा मधल्या रेषेवर परत. बायका ओरडायच्या. सासूबाई ओरडायच्या नाहीत. पदर तोंडाशी धरून फक्त त्याचा दम मोजत बसायच्या.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. खेळ बदलायला लागला होता. गोदामवाल्यांकडे पैसा आला होता, बक्षिसं मोठी झाली होती, आणि बाहेरून येणारे गडी अंगानं दुप्पट दिसायचे. एका अंतिम सामन्यात याला कोपऱ्यात खेळणाऱ्या एकाच गड्यानं तीनदा धरला. धरला म्हणजे उचललाच. तिसऱ्यांदा उचलून खाली ठेवला तेव्हा प्रेक्षक हसले. घरी आल्यावर तो जेवला नाही. आरशासमोर उभा राहून स्वतःचे दंड बघत होता. आठवडाभरात त्यानं नाक्यावरच्या एका नव्या जिममध्ये नाव घातलं.

चार-पाच महिन्यांनी तो लंगडत घरी आला. ताप होता. मी पाहिलं तर कमरेखाली, बसतो त्या जागी, लिंबाएवढी गाठ. लाल, गरम.

"काय टोचलं तुम्हाला?"

"ताकदीचं. जिमवाला देतो. सगळेच घेतात."

"सुई नवी होती?"

तो म्हणाला, "त्याच्याकडं डबा हाय. त्यात असतात सुया."

मी ओढतच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठ फोडली, पू काढला. त्यांनी विचारलं, "कुणी दिलं हे?" मी म्हटलं, जिममध्ये. "तिथे परत टोचून घेऊ नको," एवढंच ते त्याला म्हणाले. काय टोचलं ते त्यांनी विचारलं नाही. बाहेर पंचवीस पेशंट बसले होते.

गाठ बरी झाली आणि एका रविवारी दुपारी, सासूबाई आत झोपल्या असताना, त्यानं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली छोटी बाटली माझ्यासमोर ठेवली.

"तूच दे ना. तुझा हात हलका हाय. तू दिलंस तर गाठ येनार न्हाय."

मी नको म्हटलं. तो रागावला नाही, समजूतही घातली नाही. "बरं, मग जातो जिमवाल्याकडं," म्हणाला आणि चपला घालायला लागला. मला तो डबा दिसला. कुणाकुणाला टोचलेल्या सुया. मी म्हटलं, थांबा.

ते इंजेक्शन तेलातलं असतं. दाट. बाटली आधी तळहातात धरून गरम करावी लागते, नाहीतर सिरिंजमध्ये चढत नाही. सुई जाड लागते आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबायचा. मी ते सगळं नीट केलं. स्पिरिटनं पुसलं, दिलं, बोटानं चोळलं. त्याला कळलंसुद्धा नाही. "झालं?" म्हणाला. मला, खरं सांगते, तेव्हा बरं वाटलं. आपल्या माणसाला आपण जपलं असं वाटलं.

मग दर रविवारी. दवाखान्यातून मी नव्या सुया आणायचे. काय देतेय ते मला माहीत नव्हतं असं नाही. स्टिरॉइड हा शब्द मी रोज औषधांच्या खोक्यांवर वाचत होते. पण दम्याच्या म्हाताऱ्यांनाही डॉक्टर तेच देतात, मग याला काय होणार, असं मी स्वतःला सांगायचे. नवऱ्यावरचं प्रेम आणि अर्धवट ज्ञान, दोन्ही एकाच हातात होतं.

तो फुगला. सहा महिन्यांत मान जाड झाली, शर्ट दंडाला अडकायला लागले. सासूबाईंना कोण आनंद. सकाळी सहा उकडलेली अंडी, दूध, दुपारी मटणाचा रस्सा, सगळं त्या स्वतः करायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. शेजारणींना सांगायच्या, "आमच्या गाईचा दूध हाय, पावडर-बिवडर काय न्हाय." पाठीवर मात्र पुरळ आला होता. चिडचिड वाढली होती. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्यानं एकदा ताट भिंतीवर मारलं आणि मग स्वतःच घाबरून माझ्याकडे बघत राहिला.

त्या सीझनला तोच कोपऱ्यातला गडी पुन्हा समोर आला. यानं त्याला फरफटत मधल्या रेषेपार आणलं. गावानं खांद्यावर घेतला. गोदामांच्या धंद्यात वर आलेला गावातलाच एक जण संघाचा खर्च करायचा. त्यानं जेवण दिलं, बाटल्या दिल्या. तोवर नवरा पीत नव्हता. त्या दिवशी प्यायला. पुढे प्रत्येक जिंकलेल्या सामन्यानंतर प्यायला. हरलेल्याही.

या सगळ्यात लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल नव्हतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्या मला कधी घालूनपाडून बोलल्या नाहीत. पण त्यांना नातवंड हवं होतं आणि ते होत नाही म्हणजे कमी कुणात असणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. समोर मुलगा होता, बैलासारखा. त्याच्यात काय कमी असणार? त्यांनी मला झाडपाला दिला, मंगळवार धरायला लावले, वज्रेश्वरीला ओटी भरायला नेलं. मी कल्याणला जाऊन माझ्या तपासण्या केल्या. एक तपासणी अशी होती की दोन दिवस चालवत नव्हतं. सगळं नॉर्मल.

मग त्याला तयार करायला सहा महिने गेले. शेवटी ठाण्याला गेलो. रिपोर्टमध्ये एक आकडा होता, शून्य. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी त्याच्या दंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "जिमला जाता? काही इंजेक्शनं?"

"न्हाय."

"हो," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाहेरून ताकद घेतली की शरीर आपलं काम बंद करतं. सुया आजपासून बंद. दारूसुद्धा. वर्षभर थांबा, बऱ्याच जणांचं परत सुरू होतं. तुमचं होईलच अशी खात्री देत नाही.

लॅबच्या बाहेर पायऱ्या होत्या. तो तिथेच बसला. एवढं मोठं अंग, आणि लोकांना जायला वाट राहीना. मी म्हटलं, उठा. तो म्हणाला, "आईला सांगू नको."

"नाही सांगत. पण सुया बंद."

"हा सीझन होऊ दे. संघाचं नाव दिलंय. मी नसलो तर कोण हाय?"

मी देणार नाही म्हटलं, आणि दिलं नाही. तो जिमवाल्याकडे गेला. तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ यायला लागलेली मला दिसली. मी रविवारी दुपारी त्याच्यासमोर हात पुढे केला आणि म्हटलं, द्या इकडे ती बाटली.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. पहिल्या वेळी मला अर्धं माहीत होतं. या वेळी सगळं माहीत होतं. रिपोर्ट माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होता.

त्या वर्षी सासूबाई मला पुन्हा वज्रेश्वरीला घेऊन गेल्या. एसटीनं, दोघीच. गरम पाण्याच्या कुंडात बायकांच्या बाजूला मी उतरले आणि त्या काठावर माझे कपडे मांडीवर घेऊन बसल्या. पाण्याला गंधकाचा वास. मला बाहेर यायचं होतं. त्या म्हणाल्या, "बस अजून जरा. अंगात मुरू दे." मी बसले. हृदय धडधडायला लागलं तरी बसले. त्या काठावरून देवीला काहीतरी पुटपुटत होत्या, त्यात माझं नाव होतं.

सीझन संपायच्या आधीच तो पडला. चढाईत वळताना मांडीमागचा स्नायू फाटला. मी तिथेच होते, आवाज ऐकला असं मला आजही वाटतं. स्नायू इतका वाढला होता, पण तो ज्या दोऱ्यांनी हाडाला बांधलेला, त्या दोऱ्या तेवढ्याच राहिल्या, असं हाडाचे डॉक्टर म्हणाले. तीन महिने खाटेवर. खेळ नाही म्हणून सुया नाहीत. अंग उतरायला लागलं. आधी छाती, मग दंड, मग चेहरा. मोठे झालेले शर्ट तो घालेना, बारीक असतानाचे अजून होईनात. संघात दुसरा चढाईपटू आला. गोदामवाला जेवायला बोलवत नसे, पण बाटली मात्र घरी पाठवायचा, जुन्या मैत्रीखातर. नवरा दुपारपासूनच प्यायला बसायचा. पूर्वी रागावायचा, आता रडायचा. मला राग परवडला असता.

मग एका दुपारी सासूबाईंची बहीण आली, बरोबर मामेसासरे. चहा झाला. मला आत भांडी घासायला पाठवलं, पण आमचं घर लहान, सगळं ऐकू येत होतं. मामेसासरे दुसऱ्या लग्नाचं बोलत होते. मुलगी बघून ठेवली होती. गरीब घरची, काही मागणार नाही. "हिला काय घराबाहेर काढायची न्हाय," मावशी म्हणत होत्या. "ही पन ऱ्हाईल. दोघी ऱ्हातील."

नवरा ओट्यावर बसला होता, प्यालेला. तो उठून आत आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"तिच्यात काय कमी न्हाय," तो म्हणाला. "कमी माझ्यात हाय. माझ्यात काय उरलंच न्हाय. ठान्याच्या डॉक्टरनं लिवून दिलंय. सुया घेतल्या मी. विचारा तिला."

मी राखेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले होते. मला वाटलं, सुटले.

सासूबाई उठल्या, त्याला दंडाला धरून खाली बसवलं आणि भावाला म्हणाल्या, "बाटली बोलते. बायकोवर लय जीव हाय त्याचा. तिच्यासाठी सोतावर घेतोय."

मावशींनी डोळे टिपले. असा नवरा नशिबानं मिळतो, असं त्या मला जाताना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले नाही. नवरा झोपला होता. सासूबाई मागच्या दारी बोंबलाचे तुकडे करत बसल्या होत्या. मी कपाटातून रिपोर्ट काढला आणि त्यांच्यासमोर बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला, मराठीत करून. त्याचं नाव, वय, तारीख, आकडा. तो आकडा त्यांना दाखवला. शून्य त्यांना ओळखता येत होतं.

त्यांनी कोयता बाजूला ठेवला.

"सुया खऱ्या?"

"खऱ्या."

"किती वरसं?"

"तीन."

"कोनी मारल्या?"

मी म्हणू शकले असते, जिमवाल्यानं. पहिल्या काही त्यानंच दिल्या होत्या. पण त्यांचे डोळे माझ्यावर होते.

"मी," म्हटलं. "घरातच. रविवारी. तुम्ही झोपलेल्या असायचात."

मांजर येऊन बोंबलाचा तुकडा घेऊन गेलं, त्यांनी हुसकावलं नाही. मग म्हणाल्या, "मना वाटला, माज्या अंड्यांनी झायला." आणि पुन्हा, जरा वेळानं, "सहा-सहा अंडी घालत व्हती मी. मना वाटला, त्यानंच झायला त्याचा अंग."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्या म्हणाल्या, "तो अडानी. तू सिकलेली. तुला ठावं व्हता." मी मान डोलावली. "मंग त्याला न्हाय का न्हाय म्हनलीस?"

मी सांगायला लागले, तो डबा, त्या सुया, ती गाठ. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. कोयता घेतला आणि उरलेलं मासळीचं काम संपवलं.

सतरा-अठरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्याच दिवसांत त्या दोन ठिकाणी जाऊन आल्या. मला ते नंतर शेजारणीकडून कळलं. भावाच्या घरी जाऊन त्यांनी मुलीकडच्यांना नाही कळवायला सांगितलं, आणि कारणही सांगितलं, जसंच्या तसं. स्वतःच्या मुलाबद्दल, स्वतःच्या तोंडानं. मग त्या गोदामवाल्याच्या बंगल्यावर गेल्या, परत पाठवायची म्हणून न फोडलेली बाटली बरोबर घेऊन. त्याच्या आईसमोर ती ठेवली आणि त्याला म्हणाल्या, "माज्या पोराला आता काय धाडू नको. द्यायचा व्हता ते सगला देऊन झायला."

बाटली यायची थांबली. पिणं थांबलं नाही. नाक्यावर दुकानं काय कमी होती? आणखी तीन वर्षं तो पीत राहिला. मध्ये दोनदा दारू सोडली. एकदा सात महिने सोडली तेव्हा आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो, तपासणी केली. आकडा शून्य नव्हता. थोडा होता. डॉक्टर म्हणाले, असंच राहा, आशा आहे. तो परत येताना रिक्षात माझा हात धरून बसला होता. त्या गणपतीत गावच्या पोरांनी त्याचा सत्कार ठेवला, माजी खेळाडू म्हणून, आणि सत्कारानंतर जे होतं ते झालं.

दशक सरता सरता त्याला कावीळ झाली. वाईट झाली. ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात तीन आठवडे. सासूबाई खाली फरशीवर झोपायच्या, मी स्टुलावर. तिथे त्याची दारू जी सुटली ती सुटलीच. धाडस नव्हतं, शपथ नव्हती, नुसती ताकद संपली होती. मूल आम्हाला झालं नाही. आम्ही पुढे तपासण्याही केल्या नाहीत. दोघांपैकी कुणी तो विषय बंद केला असं नाही. एका वर्षी गेलो नाही, मग दुसऱ्या वर्षी गेलो नाही.

तो आता एका गोदामात सुपरवायझर आहे. ट्रक येतात-जातात त्याची नोंद ठेवतो. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. माझ्याशी त्या पुन्हा बोलायला लागल्या होत्या, शेवटी तर माझ्याच हातून जेवायच्या. पण त्यांना इंजेक्शन द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला देऊ दिलं नाही. "डाक्टरला बोलव," म्हणाल्या. मी बोलावलं. मला वाईट वाटलं असं म्हणवत नाही. त्यांचं बरोबर होतं.

दवाखाना मी सोडला नाही. जिममधले तरुण अजून येतात, बाटली खिशात घेऊन. कुणाची तरी ओळख सांगतात. मी नाही म्हणते, आणि काय होतं ते सांगते, नवऱ्याचं नाव न घेता. ते ऐकून घेतात, "ठीक आहे ताई," म्हणतात आणि समोरच्या गल्लीत वळतात. तिथे कोण देतं ते मला ठाऊक आहे. गाठी फोडायला ते परत आमच्याकडेच येतात.

परवा रविवारी नवरा माझ्याबरोबर कोलंबी सोलत बसला होता. मध्येच त्यानं विचारलं, "तू पहिल्याच दिवशी न्हाय म्हनाली असतीस, तर मी थांबलो असतो का गं?"

मी विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"नसतात थांबला."

"मग तू कशाला एवढं लावून घेतेस?"

"मी नाही म्हणाले असते ना पण," मी म्हटलं.

त्याच्या हातातल्या कोलंबीचा काळा धागा त्याला सापडत नव्हता, चष्मा घरात राहिला होता. मी ती त्याच्या हातातून घेतली, धागा काढला आणि भांड्यात टाकली.